सासरचे वडीलधारे सोबत आणावेत

मी एखादं काम नियोजनानं करते तेव्हा ते चुकत नाही! हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होण्याची शक्यता आहे. माझं माहेर यवतमाळचं. वडील सरकारी कचेरीत, काका सरकारी कचेरीत, धाकटा भाऊ सलील आजही सरकारी कचेरीत. आमच्या घरातली मुलं बोलायला लागली की आधी 'आई' म्हणतात आणि लगेच 'मूळ प्रत' म्हणतात. कोणता कागद वर ठेवायचा, कोणता खाली, झेरॉक्सवर सही कुठं करायची हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून एएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सचा अर्ज भरायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही फक्त बघत राहा!"

तो बघतच राहिला. पण ते पुढं येईल.

नर्स व्हायचं माझ्या मनात बारावीपासून होतं. अर्जही आणून ठेवला होता. तेवढ्यात राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून स्थळ आलं. कपाशी, तूर, सोयाबीन, पाणी असलेली विहीर आणि निर्व्यसनी मुलगा! स्थळ चांगलं होतं हे मी आजही नाकारत नाही. संजय भोयर अजूनही निर्व्यसनीच आहे. पण त्या अर्जाच्या पाठीवर मग माझ्या आईनं लग्नाच्या किराण्याची यादी केली, आणि विषय संपला.

लग्नानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या गावात मला नावच नाही! मी भोयरांची सून, आभाची माय, आणि बाकीच्यांसाठी 'ते यवतमायवाली'. नवरा 'अवं' म्हणतो. मला पूर्ण नावानं हाक मारणारा माणूस फक्त निवडणुकीच्या वेळी येतो, मतदार यादी घेऊन. आमच्या उपकेंद्रात येणाऱ्या सिस्टरच्या छातीवर मात्र नावाचा बिल्ला असतो. पांढऱ्या अक्षरांत, पूर्ण नाव! लसीकरणाच्या दिवशी बायका बाळाचं वजन बघायच्या आणि मी तो बिल्ला. मला तो हवा होता. अगदी मनापासून हवा होता. यंदा माझी चौतिशी सरत आली होती आणि पस्तिशीनंतर त्या कोर्सला घेत नाहीत. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही!

यवतमाळच्या एका कॉलेजात अर्ज भरला. बारावीच्या गुणांवर यादीत नाव लागलं. सोमवारी मुलाखत आणि कागदपत्रांची पडताळणी. पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ होती : विवाहित उमेदवारांनी सासरचे वडीलधारे सोबत आणावेत, अन्यथा प्रवेश दिला जाणार नाही.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कापूस वेचायचे दिवस आले, की म्हणे सासरची माणसं येतात आणि सुनांना वर्गातून उठवून घेऊन जातात. दोन-चार सुना अशा गेल्यावर प्राचार्याबाईंनी हा नियम काढला. सासरच्या माणसाला समोर बसवायचं, 'सून शिकणार ना?' विचारायचं, आणि त्याच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय सही करायची नाही.

सासूबाई आता नाहीत. वडीलधारे म्हणजे एकटे नानाजी, माझे सासरे. सगळं गाव त्यांना नानाजी म्हणतं म्हणून मीही तेच म्हणते. मी भीत भीत विषय काढला.

"नानाजी, मी नर्सिंगला जाऊ का?"

"जा ना बाई! काहून नाही? पन माह्या आंगाले सुई लावाची नाही, हे आताच सांगून ठेवतो."

"सोमवारी तुम्हाला कॉलेजात यावं लागेल. मॅडम विचारतील, हो म्हणायचं."

"एवढंच ना? म्हनतो. बसस्टँडवरचा आलुबोंडा खाऊ घालजो म्हंजे झालं."

इतकं सोपं! मी कडक पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये सगळ्या मूळ प्रती लावल्या, फाइल लाल कापडात गुंडाळली आणि हळद-कुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवून दिली. बस ठरली, साडी ठरली. एवढी तयारी तर आमच्या लग्नातही नव्हती.

आणि रविवारी सकाळी सलीलचा फोन आला.

"ताई, मुलाखतीत प्रात्यक्षिक घेतात म्हणे."

"कोण म्हणे?"

"आमच्या ऑफिसातले एक जण म्हणत होते. पेशंटला पट्टी बांधून दाखवायला लावतात."

ऑफिसातले एक जण! आमच्या माहेरी एवढा पुरावा पुरतो. आजवर मी उशीला खोळ घातली होती, माणसाला पट्टी कधी बांधली नव्हती. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. आता पेशंट पाहिजे होता. आभा सुटीत मामाकडे गेलेली. नवऱ्याकडे नुसतं पाहिलं तर तो म्हणाला, "मी वावरात जाऊन येतो," आणि चप्पल न घालताच गेला.

राहिले नानाजी. पडवीत बाजेवर पडून पान चघळत होते.

"मले काय करा लागन?"

"काही नाही, पडून राहायचं."

"हे काम मले जमते," म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरातली गॉजची गुंडाळी त्यांच्या हाताच्या अंगठ्यालाच संपली. म्हणून मी त्यांची जुनी पांढरी धोतरं फाडून पट्ट्या केल्या. आधी डोक्याला बांधली. बरी जमली. मग हनुवटीखालून घेऊन जबड्याची. मग उजवा हात झोळीत. हुरूप असा आला की विचारू नका! पायाला आधार द्यायला व्हिडिओत फळी दाखवत होते. फळी कुठून आणायची? चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाट्या होत्या. कपाशीच्या चार चांगल्या जाड काड्या घेतल्या आणि नानाजींचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधून टाकला. लांबून पाहिलं तर वावरातलं बुजगावणं आडवं केल्यासारखं दिसत होतं. पण मला ते फार सुंदर वाटलं.

एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही. जबडा बांधला तेव्हा नानाजींच्या तोंडात पान होतं. थुंकता येईना, गिळता येईना, बोलता येईना. पानाची लाल धार कोपऱ्यातून ओघळली आणि त्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर पसरली.

तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. मी आत पळाले आणि त्याच क्षणी शेजारच्या बेबीताई विरजण मागायला पडवीत आल्या.

बेबीताईंची ओळख करून देते. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा भोंगा गेली काही वर्षं बंद आहे, पण त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. एवढं पुरे.

बेबीताईंनी पाहिलं. डोकं बांधलेलं, हात झोळीत, पाय काठ्यांत, तोंडातून लाल धार! नानाजींना त्या दिसल्या तसं बरं वाटलं. जून महिन्याचं ऊन, त्यात धोतरांत गुंडाळलेले! त्यांनी मोकळा डावा हात उचलला आणि बोट वर करून पंख्याकडं दाखवलं. "उम्म! उम्म!"

बेबीताईंनी त्या बोटाच्या रोखानं वर पाहिलं. त्यांना पंखा दिसला नाही, थेट वैकुंठ दिसलं.

"अवं माय वो! नानाजी निंघाले!" अशी आरोळी ठोकून विरजणाची वाटी तिथंच टाकून त्या ज्या पळाल्या, की मी दुधाचं भांडं उतरवून बाहेर येईपर्यंत अर्ध्या गावात बातमी पोचली होती.

आता आमच्याकडची रीत सांगते. माणूस आजारी पडला की त्याला पाहायला जायचं. ताप असो की तंगडी मोडलेली असो, पाहायला जायचं म्हणजे जायचं! येताना बिस्किटाचा पुडा किंवा केळी आणायची, पेशंटजवळ बसून 'कसं काय झालं हे' म्हणायचं, पेशंटनं काहीही सांगितलं तरी 'असंच आमच्या साळ्याले झालतं, तो गेला' म्हणायचं, आणि चहा पिऊन उठायचं. पाहायला न जाणाऱ्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं जातं. त्यामुळे मी पट्ट्या सोडायला हात लावणार तोच अंगणात चपलांचा ढीग पडायला लागला.

"बैलानं मारलं म्हने?"

"नाही वो, गाडीवरून पडले. मी आयकलं."

"अहो, काही झालं नाही त्यांना!" मी ओरडून सांगत होते. "मी सराव करून राहिले होते!"

"घाबरली बिचारी," बेबीताई माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना म्हणाल्या. "धक्क्यानं कायबी बोलून राह्यली. तिले पानी द्या!"

मला पाणी पाजलं. कुणीतरी नानाजींचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. ढाणकीच्या एका दूरच्या भाच्यानं घाईत श्रद्धांजली वाहून टाकली, आणि चूक कळल्यावर ती खोडून 'लवकर बरे व्हा' लिहिलं. मी मनाशी ठरवलं, आता सरळ सगळ्यांसमोर पट्ट्या सोडायच्या. मी जबड्याच्या गाठीला हात घातला आणि तेवढ्यात गर्दी दुभंगली. दारात उत्तमसिंगकाका उभे होते.

आमच्या आणि उत्तमसिंगकाकांच्या शेतांमध्ये एक धुरा आहे, बांध म्हणा. त्या धुऱ्यावर आंब्याचं एक झाड आहे. आंबा आमचा की त्यांचा, यावरून नानाजी आणि ते कित्येक वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही हट्टी. कुणीच उतरवत नाही म्हणून दरवर्षी सगळे आंबे वानरं खायची. त्या वानरांइतका सुखी प्राणी तालुक्यात नव्हता.

उत्तमसिंगकाका बाजेजवळ आले, खाली बसले आणि नानाजींचा डावा हात त्यांनी हातात घेतला. एवढा धिप्पाड माणूस, डोळ्यांत पाणी!

"नानाजी, हे काय करून घेतलं बे?" ते म्हणाले. "आपन कायले भांडलो? लहानपनी त्याच झाडावर संगमंग चढत होतो. आंबा तुहा! सारे आयकून राह्यले, आंबा नानाजीचा! तू फक्त उठून बस."

मला वाटलं, नानाजी आता उठून बसतील. नानाजींनी काय केलं असेल? त्यांनी डोळे उघडले, काकांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझा गाठीवरचा हात हळूच बाजूला केला आणि परत डोळे मिटून घेऊन कण्हले!

लोक पांगल्यावर मी दार लावून घेतलं आणि पट्ट्या सोडल्या. नानाजींनी आधी पान थुंकलं, मग चार केळी खाल्ली.

"नानाजी, हे काय चालवलंय? उद्या कॉलेजात यायचं आहे तुम्हाला!"

"येतो ना बाई. पन बिमारच येतो."

"म्हणजे?"

"आता उठलो तं लोक काय म्हनन? एवढी केळी आनली, बिस्किटं आनली, अन् हा बुढा टनटनीत! अन् उत्तमसिंग आंबा वापस घेईन. दोन-चार दिवस जाऊ दे, मंग हयूहयू बरा होतो."

"आणि मॅडमना काय सांगू?"

"पडलो म्हन. तुह्या मॅडमले 'हो'च पाह्यजे ना? मान हालवतो!"

मी संजयकडं पाहिलं. तो बिस्किटाचा पुडा फोडत होता. मला रडूच आलं असतं, पण विचार केला, नानाजी आडवे का होईना, येतायत ना? नियमात 'उभे राहून' असं कुठं लिहिलंय? आमच्या घरच्यांना नियमात अशी फट बरोबर सापडते.

सोमवारी सकाळी पुन्हा धोतरं बांधली. बसनं जायचा तर प्रश्नच उरला नव्हता. उत्तमसिंगकाका आपली पिकअप घेऊन दारात हजर! "मोठ्या दवाखान्यात मीच नेतो. भाड्याचं नाव काढजो नको." आमच्याकडे पेशंटला एकट्यानं नेत नाहीत. बेबीताई चढल्या, त्यांची जाऊ चढली, भजनी मंडळातले चौघं चढले. नानाजींची बाज उचलून मधोमध ठेवली.

मी आत केस विंचरत होते. पऱ्हाट्या टोचतात म्हणून नानाजी संजयला खुणा करत होते, दुसरं काहीतरी चपटं आण! नेमक्या त्याच वेळी मी आतून ओरडले, "अहो, देव्हाऱ्यातलं लाल कापडातलं ते आधी घ्या बरं! ते विसरू नका!"

"घेतो वो!" संजय म्हणाला. आणि त्यानं ते घेतलं.

माझा नवरा माझं शंभर टक्के ऐकतो, हीच तर त्याची अडचण आहे.

काकांना रस्ता मी कॉलेजचाच सांगितला. फाटकावर लाल अधिकाचं चिन्ह होतं, पांढऱ्या गणवेशातल्या मुली ये-जा करत होत्या. गावाला शंकाच आली नाही. "दवाखाना चांगला दिसते," बेबीताई म्हणाल्या. चौघांनी बाज उचलली. मी पुढं आणि मागून बाज, केळी आणि गाव! मुलाखतीला आलेल्या मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. शिपायानं विचारलं, "कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "उमेदवार." त्यानं बाजेकडं पाहिलं आणि घाम पुसला.

प्राचार्याबाई चष्मा नाकावर ओढून बसल्या होत्या. करड्या आवाजात म्हणाल्या, "शीला संजय भोयर?"

काय सांगू! कितीतरी दिवसांनी मतदान नसताना कुणीतरी माझं पूर्ण नाव घेतलं होतं. मी ताठ उभी राहिले. "हो, मॅडम!"

"सासरचे वडीलधारे?"

"आणलेत." मी बाजूला झाले. बाज आत आली.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे?"

"हो. जरा पडलेत."

"दिसतंय." मॅडमनी एक मोठा श्वास घेतला. "मूळ कागदपत्रं?"

हा माझा प्रांत! मी रुबाबात पिशवीत हात घातला. केळी. पुन्हा घातला. बिस्किटं.

"अहो, फाइल?" मी संजयला विचारलं.

"कोनती फाइल?"

"लाल कापडातली! देव्हाऱ्यातली! घेतो म्हणालात ना?"

संजयचा चेहरा पांढराफटक पडला. "ते... ते फाइल होती? मले वाटलं आभाची पाटी हाय. पायाले बांधाले सांगतली तू!"

बाजेवरून नानाजी डाव्या हातानं आपल्या डाव्या पायाकडं दाखवत होते. "उम्म! उम्म!"

"पाय दुखून राह्यला वो त्याईचा!" बेबीताईंनी टाहो फोडला.

मॅडम ताडकन उठल्या. बाजेपाशी गेल्या, नानाजींच्या पायाचा अंगठा दाबून पाहिला. "बोटं निळी पडायला लागलीत! किती आवळलंय हे!" त्यांच्या हातात कात्री कुठून आली कळलं नाही. सरसर धोतर कापलं गेलं, आणि नानाजींच्या पोटरीवरून लाल कापडातली माझी फाइल खाली घरंगळली. शाळा सोडल्याचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला, सगळं जागच्या जागी! एकाही कागदाला सुरकुती नाही. त्या परिस्थितीतही मला माझा अभिमान वाटला.

उत्तमसिंगकाका दारातून हे सगळं पाहत होते. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली. "नानाजी, तुह्या पायात फाइल काहून?"

नानाजींनी डोळे गच्च मिटून घेतले.

मॅडम बाकीच्या पट्ट्यांकडं निरखून बघत होत्या. डोक्याची बघितली, जबड्याची बघितली, झोळी बघितली. मग म्हणाल्या, "थांबा. हलवू नका यांना." आणि मोबाइल काढून त्यांनी या बाजूनं एक, त्या बाजूनं एक असे फोटो काढले. मला वाटलं, काम आवडलेलं दिसतंय!

कागद तपासले. बिनचूक. पेन उघडलं. मग त्यांनी नानाजींना विचारलं, "सून शिकणार आहे. कापूस वेचायला मधूनच घेऊन जाणार नाही ना? मला तुमच्या तोंडून 'हो' ऐकायचंय."

नानाजींनी जोरात मान हलवली.

"मान नको. तोंडानं सांगा."

"उम्म!"

"त्याईचं बोलनंच गेलं जी," बेबीताईंनी पदर डोळ्याला लावला.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मग दुसरे कोणी वडीलधारे?"

"नाहीत, मॅडम."

"माझा नियम आहे बाई. मान हलवणारे सासरे मी खूप पाहिलेत. दिवाळीनंतर तेच दारात उभे राहतात. आज यादी बंद होते. पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी मला कोण घेणार होतं? मी फाइल छातीशी धरली आणि नुसती उभी राहिले. तो बिल्ला, ती पांढरी अक्षरं, सगळं डोळ्यांसमोरून निघून चाललं होतं आणि कधी नव्हे ते मला काही नियोजन सुचत नव्हतं.

नानाजींनी एक डोळा उघडला. आधी दाराकडं पाहिलं. तिथं उत्तमसिंगकाका उभे, म्हणजे आंबा उभा! मग माझ्याकडं पाहिलं. पुन्हा दाराकडं, पुन्हा माझ्याकडं. मग झोळीतून उजवा हात बाहेर आला, त्यानं जबड्याची पट्टी खसकन खाली ओढली, आणि नानाजी बाजेवर टुणकन उठून बसले.

"हो!" ते गरजले. "हो म्हंजे हो! शिकन माही सून! कापूस मी येचतो, संजय येचन, नाही तं बोंडातच राहू दे! कोनी आलं न्यायले तं माह्याशी गाठ हाय! अन् आता कोनी तरी पंखा लावा बे, कालपासून बोंबलून राह्यलो!"

शिपायानं धावत जाऊन पंखा लावला.

बेबीताईंचा पदर डोळ्याजवळच राहिला होता. उत्तमसिंगकाका हळूहळू पुढं आले. मी डोळे मिटले. आता हाणामारी होणार!

"नानाजी," काका म्हणाले, "आंबा वापस."

"घे बापा." नानाजींनी मान खाली घातली. "तुहाच हाय तो. तुह्या बापानं लावलता, मले ठाऊक हाय."

काकांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले, की बाजेवरची केळी खाली पडली. "अर्धा अर्धा करू बे! मी काल रातभर रडलो ना तुह्यासाठी, लेकाच्या!"

"अर्धा कायले? तुहा हाय म्हनतो ना!"

"अर्धा घे म्हनतो ना!"

"नाही घेत!"

"कसा घेत नाही पाहतो!"

"बाहेर!" मॅडम ओरडल्या. "दोघंही बाहेर!"

बाज रिकामीच गेली. ते दोघं 'तुहा, तुहा' करून भांडत तिच्या मागून गेले, त्यांच्या मागून बेबीताई, आणि शेवटी 'बरे कसे काय झाले' याची चर्चा करत भजनी मंडळ. ते लोक आजही गावात सांगतात, यवतमाळला असा एक दवाखाना आहे, की नुसता पंखा लावला की माणूस उठून बसतो.

खोलीत मी आणि मॅडम उरलो.

"ही पट्टी कुणी बांधली?" मॅडमनी मोबाइलमधला फोटो पुढं केला.

आता कौतुक होणार म्हणून मी पदर सारखा केला. "मी, मॅडम. सगळी मीच. पायाची तेवढी ह्यांनी."

"कुठं शिकलात?"

"मोबाइलवर. मुलाखतीत प्रात्यक्षिक असतं म्हणून सराव केला."

"आमच्याकडं मुलाखतीत प्रात्यक्षिक कधीच नसतं."

सलील! आणि त्याच्या ऑफिसातले ते एक जण!

"डोक्याची पट्टी डोळ्यावर आलीय," मॅडम बोटांवर मोजत सांगायला लागल्या. "जबड्याची अशी, की माणूस ओकला तर गुदमरेल. झोळीत हात उलटा. अंगठ्याला अख्खी गुंडाळी."

माझं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे प्रवेश नाही?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. "द्यावाच लागेल," त्या म्हणाल्या. "हे असे हात न शिकवता गावात परत पाठवणं मला परवडणार नाही." आणि पहिल्यांदाच हसल्या.

परत येताना नानाजींना आलुबोंडा खाऊ घातला. उत्तमसिंगकाकांनीही खाल्ला. यंदा लोणचं दोन्ही घरी झालं आणि वानरं आमच्याकडं फार वाईट नजरेनं बघतात.

मी आता पहिल्या वर्षाला आहे. बिल्ला मिळालाय, रोज लावते. अभ्यास चांगला चाललाय, पट्टी तर आता झोपेतही बांधीन. नानाजी महिन्यातून एकदा मला भेटायचं निमित्त काढून कॉलेजात येतात, येताना गावातलं कुणीतरी नवीन सोबत आणतात, आणि मला न भेटताच थेट प्रात्यक्षिकाच्या खोलीत जातात. तिथं भिंतीवर एक मोठा रंगीत फोटो लावलाय. त्यासमोर उभे राहून मिशीवर हात फिरवत सांगतात, "हा मी हाय! एवढ्या मोठ्या कॉलेजात दुसऱ्या कोनाचा फोटो हाय का, दाखव!"

फोटो त्यांचाच आहे, यात वाद नाही. वर लिहिलंय, 'पट्टी अशी बांधू नये'. आणि खाली, बिल्ल्यावरच्यापेक्षा कितीतरी मोठ्या अक्षरांत, माझं पूर्ण नाव.